सत्तर डिग्रीचा गाळ

४ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांच्या वह्या पुढे लोक शोधत बसतात, म्हणून अक्षर जरा सुवाच्य.
शोध असा: शहराच्या सांडपाण्याचा गाळ आमच्या प्लांटवर डायजेस्टर नावाच्या मोठ्या बंद टाकीत जातो. आत जंतू तो खातात आणि गॅस सोडतात. पण वीस-वीस दिवस रवंथ करतात. गाळ आधी सत्तर डिग्रीला तासभर तापवला, तर शिजलेल्या जेवणासारखा चटकन पचेल. गॅस दुप्पट!
लॅबमधल्या केमिस्टबाई म्हणाल्या, हे पुस्तकात केव्हापासून आहे. असेल. मी ते पुस्तक वाचलेलं नाही, म्हणजे शोध माझाच.

६ मार्च
बायको बहिणीकडे. घरचा कुकर लॅबमध्ये नेला. तीन शिट्ट्या.

१० मार्च
दोन बाटल्या, तोंडाला फुगे. शिजवलेल्या गाळाचा फुगा मोठा! केमिस्टबाई म्हणाल्या, एका फुग्यावर काही ठरत नाही. मत्सर.

११ मार्च
बायको परतली. कुकर चारदा घासला होता. तिने झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि न बोलता कुकर कचऱ्यात टाकला. मग बोलली. अजून बोलतेच आहे. विज्ञानाला त्याग लागतो.

१५ मार्च
मॅनेजरसाहेबांची परवानगी. अट: तापवलेला गाळ गार करून, थोडा थोडा सोडायचा. ‘गार करून’ हे ते फार हळू बोलले.

१८ मार्च, सकाळी १०
पहिला घाणा. ऑपरेटरकाका तीस वर्षं या टाकीपाशी आहेत. म्हणाले, “साहेब, आतल्या जंतूंना सदतीस डिग्रीची सवय आहे. गार होऊ द्या. आणि एकदम एवढा नको.” मी त्यांना समजावलं की गरम जेवण कोणालाही आवडतं. सगळा सोडला.

२० मार्च
तिसरा दिवस, तिसरा घाणा. गॅस चौदा टक्के जास्त! सत्काराच्या भाषणाचा मसुदा सुरू. काकांचाही उल्लेख करणार. मन मोठं हवं.

२२ मार्च
गॅस निम्म्यावर. जंतू सुस्तावले असावेत.

२३ मार्च
टाकीच्या झाकणाखालून फेस. जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत. केमिस्टबाई म्हणाल्या, टाकी आंबली, जंतू मरताहेत. बाईंना अतिशयोक्तीची खोड आहे.

२४ मार्च
गॅस शून्य. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कोणी केलं? काका माझ्या शेजारीच उभे. मी म्हणालो, “बघावं लागेल.” साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांच्या निवृत्तीला दोन महिने राहिलेत.
उद्या नक्की सांगायचं.

२५ मार्च
साहेब मीटिंगमध्ये. दार उघडं होतं, आत ते एकटेच होते, पण विचारात दिसले. विचार ही एक प्रकारची मीटिंगच.

२६ मार्च
काका दुसऱ्या टाकीतला जिवंत गाळ आणून या टाकीला थोडा थोडा घालताहेत. आजाऱ्याला चमच्याने भरवावं तसं. मला म्हणाले, जरा नळी धरा. धरली. त्यांना चौकशीचं पत्र आलंय. मला एका शब्दाने काही विचारलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, “कुकरचं विसरेन मी. हे नाही विसरणार.”

२८ मार्च
सांगितलं. चार पानं लिहून नेली होती. दुसऱ्याच ओळीला कागद खाली ठेवले आणि नुसतंच म्हणालो, मी केलं.
साहेबांनी शिफ्टचं रजिस्टर माझ्याकडे वळवलं. तारीख, वेळ, तापमान, कोण काय म्हणालं, सगळं काकांच्या अक्षरात. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा सुवाच्य. साहेबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पत्र काकांना फक्त साक्षीसाठी होतं.
“तुम्ही स्वतः येताय का, ते बघत होतो,” साहेब म्हणाले. “काका म्हणाले होते, दोन दिवसांत येतील. तुम्ही चार लावलेत.”

२० एप्रिल
गॅस परत आला. प्रयोगाआधी होता तेवढा. खरं तर थोडा कमी.
निवृत्तीपर्यंत काकांच्या हाताखाली शिकायचं, असा मला आदेश आहे. आज त्यांनी पहिल्यांदा व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला. म्हणाले, अर्धा फेरा.
मी पाऊण फिरवला.
काकांनी पाव फेरा मागे घेतला.