एकसष्ट जण ‘येतो’ म्हणाले

७ डिसेंबर ९८, सोमवार

चाललं! दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी चाललं!

वर्डमधल्या पत्रात मी स्वतः बसवलेलं राखाडी बटण. त्यावर एक क्लिक, आणि एक्सेलची शीट आपली आपण उघडली, तिच्यातलं नाव उचललं, पत्रात भरलं, मेलही गेली. मी हात मांडीवर ठेवून नुसती बघत होते. सहा वर्षं स्टेनो-सेक्रेटरी म्हणून एकच पत्र चाळीस वेळा टाइप करतेय. आणि आता हे!

उठले, पाणी प्यायले, परत दाबलं. परत गेली. (दोन्ही मेल्स माझ्याच नावावर, म्हणून बरं.)

शेजारच्या टेबलावरची हरप्रीत म्हणाली, “यार, तू तो जादूगरनी निकली.” मी म्हटलं, अभी तो देखती जा.

८ डिसेंबर

आमचे साहेब, मल्होत्रा, यांना दाखवलं. उभ्या उभ्याच पाहिलं त्यांनी. म्हणाले, “अच्छा है. लेकिन डमी डेटा पे तो सब चलता है.”

जानेवारीअखेर ऑफिसात नवा सिस्टिम्स सेल होतोय, कॉम्प्युटरची कामं बघणारा. तीन माणसं बाहेरून, एक आतून. आतला कोण, ते अजून ठरलेलं नाही. साहेबांची अट: चाळीस-पन्नास खऱ्या माणसांवर चालवून दाखव. “और बीच में हाथ नहीं लगाना. एक एक मेल खुद पढ़ोगी, तो बटन किस काम का?” चाललं तर वर माझं नाव पाठवणार.

मला तो सेल हवाय. फार हवाय. इथे तरी लिहायला लाज कसली.

गुडगावहून चार्टर्ड बसने लक्ष्मीबाई नगरला येईपर्यंत एकच विचार: पन्नास माणसं आणायची कुठून? श्रीकांत मिनिस्ट्रीतून येऊन चहा करत होता. म्हणाला, “पानिपतची सहल आहे की!” नवरा कधीकधी उपयोगी पडतो.

१३ डिसेंबर, रविवार

सकाळी जोगळेकर काकांकडे. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून मराठी मंडळाचे कायमचे चिटणीस. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास मंडळ पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातं. काका प्रत्येक घरी स्वतःच्या अक्षरात पोस्टकार्ड टाकतात, मग उत्तरं येतात, कमी आणि उशिरा.

मी म्हटलं, यंदा पोस्टकार्डं नकोत. नोएडा-गुडगावच्या सगळ्या मंडळींना ऑफिसात ई-मेल आहे, लक्ष्मीबाई नगरातही बऱ्याच जणांना. मी एक बटण दाबीन, सगळ्यांना पत्रं जातील. उत्तरं आली की दुसरं बटण दाबीन, कोण येणार त्याची यादी तयार.

काका: आणि ते बटण वाचणार?

मी: वाचणार. काका, विश्वास ठेवा.

काका: विश्वास? तो पानिपतातच गेला, बाई.

पण हो म्हणाले. काकूंनी मागून ढकललं बहुतेक. पोस्टकार्डांसाठी डिंक-पाणी त्यांनाच करावं लागतं, असं काहीतरी पुटपुटल्या. पोस्टकार्डाला डिंक कशाला?

२१ डिसेंबर

लंच टाइममध्ये डबा एका हाताने, टायपिंग दुसऱ्या हाताने.

नियम असा बसवलाय: आलेल्या मेलमध्ये yeto, yete किंवा yenar सापडलं की त्या घरापुढे बरोबरची खूण, आणि त्या घरातली माणसं बेरजेत. पण कोणी “yenar nahi” लिहिलं तर? म्हणून आधी nahi शोधायचं. nahi दिसलं की फुली. आहे की नाही डोकं? श्रीला सांगितलं तर म्हणे, “नाहीचा बंदोबस्त केलास, आता कोणाची बिशाद आहे नाही म्हणायची.”

आठ वर्षांच्या मनवाला बटणाचं भारी अप्रूप. “आई, मेरा होमवर्क भी बटण से होईल?” भाषेची पार खिचडी झालीय पोरीची.

२८ डिसेंबर, सोमवार

दाबलं. सव्वीस घरांना पत्रं गेली. प्रत्येकात त्या त्या घराचं नाव, “श्री. व सौ.” सकट. अकरा सेकंद! काकांना फोन केला. ते म्हणाले, “पोचली का?” अहो काका, पोचलीच. “हां. मग गावाकडे पत्र आलं की कळवतात, तसं कळवतील.”

५ जानेवारी

उत्तरं यायला लागली. एकही मेल उघडायची नाही. बोटं शिवशिवतायत. पण नाही म्हणजे नाही. साहेबांची अट.

१५ जानेवारी, शुक्रवार

सकाळी यादीचं बटण दाबलं. शीट भरत गेली, खूण, खूण, रिकामं, खूण... खाली बेरीज आली एकसष्ट!

गेल्या वर्षी तीस-पस्तीस होते. एकसष्ट! काकांना फोन केला तेव्हा माझा आवाज चढलेला होता, हरप्रीतने वळून पाहिलं. काकांनी आकडा दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाले, “दुसरी बस सांगायला हवी.” आणि थोड्या वेळाने, “अगं, तुझं बटण गुणी आहे गं.”

साहेबांनाही दाखवलं. “सिक्स्टी वन! बिल्कुल बढ़िया. हाथ तो नहीं लगाया?” नाही सर. “चलो, सोमवार को बात करते हैं.”

संध्याकाळपासून काकूंकडे आम्ही पाच बायका गुळपोळ्या लाटतोय. एकसष्ट माणसांच्या. हाताला तीळ, खसखस, गूळ, आणि मी गाणं म्हणतेय. श्री म्हणाला, आवाज सांभाळ, शेजारचे सरदारजी दार ठोठावतील.

१७ जानेवारी, रविवार

काय लिहू.

सकाळी सात. धुकं असं की समोरचा ब्लॉक दिसेना. दोन बसेस उभ्या, इंजिनं चालू. साडेसात झाले. आठ झाले. माणसं चौतीस. पहिल्याच बसमध्ये सगळे मावले. दुसऱ्या बसमध्ये गुळपोळ्यांचे डबे आणि ड्रायव्हर.

काका कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेले, नोएडाच्या गोखल्यांना फोन लावला. परत आले ते माझ्याकडे न बघता. “गोखले म्हणतात, मी तर कळवलं होतं की यंदा कठीण आहे.” दुसरा फोन परांजप्यांना. तेही तेच. कळवलं होतं!

सगळे माझ्याकडे बघतायत. श्री काहीतरी बोलणार होता. मी म्हटलं, तो शब्द तोंडातून काढायचा नाही. आज तरी नाही. “कुठला शब्द?” म्हणाला, आणि हसला. पानिपत झालं, हाच. दुसरा कुठला असणार.

रस्ताभर खिडकीला कपाळ टेकून बसले. रिकामी बस आमच्या मागून येत होती. धुकं विरळ झालं की दिसायची.

काला अंबला मात्र वेगळंच घडलं. स्मारकापाशी साताऱ्याकडची सव्वीस-सत्तावीस मंडळी होती. आगगाडीने दिल्लीला येऊन, तिथून रोडवेजच्या बसने धक्के खात आलेली. चार दिवस छोले आणि राजमा. काकूंनी डबा उघडला आणि त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी गुळपोळी नुसती हातात घेतली, खाल्लीच नाही लगेच. “तूप हाय का?” एवढंच विचारलं. होतं. तूपही एकसष्ट माणसांचं होतं!

परतताना ती सगळी मंडळी दुसऱ्या बसमध्ये. नवी दिल्ली स्टेशनपर्यंत गाणी म्हणत आले म्हणे. काका त्यांच्यात जाऊन बसले होते. उतरताना खुशीत होते. मला म्हणाले, “बस भरली, पोळ्या संपल्या. झालं ते बरं झालं.” पण बटणाचं नाव काढलं नाही.

श्री म्हणतो, “मग सांग की साहेबांना, एकसष्ट झाले. खोटं कुठे आहे?” खोटं नाही. तेच तर वाईट आहे.

१८ जानेवारी, सोमवार

ऑफिसला गेल्या गेल्या सगळ्या मेल्स उघडल्या. एकेक वाचली.

गोखले: “Mulachi pariksha, yanda kathin distay. Bara, yeto.”

परांजपे: “Sasubai aalya aahet, baghuya kasa jamtay. Chala, yeto.”

सौ. लिमये: “Amcha kahi khara naslyasarkhach samja. Yete ha!”

अशा अकरा! अकरा घरं! मी टेबलावर डोकं ठेवून हसत सुटले. हरप्रीत घाबरली, रो रही है क्या? दोन्ही करत होते बहुधा.

माझ्या आईने मला लहानपणी दारात थांबवून शिकवलं, “जाते नाही म्हणायचं, येते म्हणायचं.” परवा मनवालाही मी तेच सांगितलं. आणि बटणाला सांगायला विसरले! निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो, आणि खरंच येणाराही ‘येतो’च म्हणतो. कागदावरच्या पत्रात कोणी ‘बरं, येतो’ म्हणून उठत नाही, पण मेलमध्ये लोक बोलल्यासारखं लिहितात. आणि ‘नाही’? ‘नाही’ एकानेही लिहिलेलं नाही. गोखल्यांचं ‘कठीण’, परांजप्यांचं ‘बघूया’, लिमयेबाईंचं ‘काही खरं नाही’सुद्धा naslyasarkhach. नाहीचा बंदोबस्त कोणासाठी केला होता मी?

साहेबांनी बोलावलं होतं. गेले नाही. म्हटलं, बँकेचं पत्र चालू आहे. भित्री आहे मी.

१९ जानेवारी

गेले. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. एकसष्ट नव्हते, चौतीस होते. बस भरली ती दुसऱ्यांनी.

साहेब: एक मिनट. जाते वक़्त बोलते हैं ‘आता हूँ’?

मी: जी सर. ‘जाता हूँ’ बोलना अच्छा नहीं मानते.

साहेब: और जब सचमुच आना हो?

मी: तब भी ‘येतो’, सर.

साहेब: तो पता कैसे चलता है?

मी: आवाज़ से, सर.

खूप वेळ हसले. मग हसणं थांबलं. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “मुझे तो पता भी नहीं चलता. बताया क्यों?”

म्हटलं, सर, ते बटण मीच केलंय. चुकलं तर मलाच कळायला हवं कुठे चुकलं. तोंडातून मराठीच निघालं. त्यांना किती कळलं कोण जाणे. “ठीक है. तो ठीक करो,” म्हणाले. सेलचं काहीच बोलले नाहीत.

२२ जानेवारी, शुक्रवार

ठीक केलं! आता लोकांना लिहायलाच द्यायचं नाही. पत्राच्या खालीच दोन बटणं: ‘हो, नक्की’ आणि ‘नाही जमणार’. दाबलं की उत्तर थेट माझ्या शीटमध्ये.

काकांना ल. नगरातल्या एका घरच्या पीसीवर दाखवलं. चष्मा पुसून जवळून पाहिलं त्यांनी. म्हणाले, “हे चालायचं नाही.”

का?

“‘नाही’वर बोट ठेवायला कोण धजेल? लोक काहीच दाबणार नाहीत. तिसरं कर. ‘कळवतो’.”

साष्टांग नमस्कार घालावासा वाटला. तीन बटणं केली. ‘कळवतो’ दाबलं की शीटमध्ये पिवळा रंग येतो, आणि चार दिवसांनी त्या घराला आपोआप आठवणीचं पत्र जातं. मंडळाच्या हळदीकुंकवाची निमंत्रणं लगेच त्यावरच धाडली. तासाभरात दोन ‘हो’, एक ‘नाही’ (आमच्या मंडळाच्या इतिहासात पहिलं असावं!), आणि सात पिवळे.

सात पिवळे! मी खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारतेय.

२५ जानेवारी, सोमवार

साहेबांनी तिन्ही बटणं स्वतः दाबून पाहिली. पिवळ्यावर दोनदा. “ये तो हमारे डीलर्स के लिए भी चाहिए. वो भी कभी ना नहीं बोलते.” मग, माझ्याकडे न बघता: “अर्जी लिख के भेजो. हेड ऑफिस को. पोस्ट का नाम तुम ही भर देना, मुझे खुद नहीं पता क्या रखेंगे.”

घरी येईपर्यंत बसमध्ये कोणाशी बोलले नाही. बोलले असते तर ओरडलेच असते. श्रीने बातमी ऐकून मनवाला उचलून गरकन फिरवलं, मला नाही. मी जड आहे म्हणे.

२८ जानेवारी, गुरुवार

अर्ज टाइप करायला बसले. हजारो पत्रं टाइप केली आजवर, हे अडलं. पोस्टचं नाव काय घालू? तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं. शेवटी ‘सिस्टिम्स असिस्टंट’ लिहिलं, आणि मग ‘असिस्टंट’ काढून टाकलं. होऊ दे काय व्हायचं ते.

पत्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, आधी सही करणाऱ्या साहेबांची आद्याक्षरं, मग तिरकी रेघ, मग टाइप करणारीची. ही ऑफिसची रीत. हात सवयीने तिथे गेला आणि ‘साहेब’ म्हणून कोणाची अक्षरं घालायची, तेच कळेना. मग रेघेच्या अलीकडे माझी घातली, पलीकडेही माझीच.

दुपारी चार वाजता बटण दाबलं. गेलं.

साडेपाचपर्यंत नऊ वेळा मेल उघडून पाहिली. हेड ऑफिसचं उत्तर अजून नाही.