परस्पर दिलेलं उत्तर

गुरुवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी खुशाल. आईच्या खुब्याचं हाड छान जुळलंय, असं डॉक्टर म्हणतात. वॉकर घेऊन ती स्वयंपाकघरापर्यंत जाते, मी चहात साखर किती घातली ते बघते आणि परत फिरते. मागच्या खोलीतला पंखा पुन्हा कुरकुरायला लागलाय. आलो की बघतो म्हणाला होतास. असो.

परवा तू फोनवर विचारलंस, "मुलाखत कशी झाली?" मी म्हटलं, "बरी झाली." खोटं बोलले. खरं बोलायला लागले असते तर माझा तोल गेला असता आणि तू नेहमीसारखं "आधी शांत हो बघू" म्हणाला असतास. म्हणून हे पत्र. यात तुला मध्ये बोलता येणार नाही.

फेलोशिपसाठी मी कुठला विषय दिलाय, ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. ओढ्याकाठच्या गोगलगायी पाणी आटलं की शंखाच्या तोंडावर पातळ पापुद्रा धरतात आणि आत पडून राहतात. महिनोन्‌महिने. मग एक दिवस पापुद्रा फोडून चालायला लागतात. ती वेळ त्यांना कळते कशी, हे मला शोधायचंय. त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा इथे नाही. दूर जाऊन दोन वर्षं राहावं लागेल, आणि फेलोशिप मिळाली तरच ते जमेल.

मी घोकून तयारी करून गेले होते. अध्यक्षबाईंनी माझा आराखडा बाजूला सारला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "घरी आईंचं कोण बघणार?" त्यांच्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "गोगलगाय घर पाठीवर घेऊन फिरते. तुमचं काय?" सगळे हसले. दादा, मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते. पुढे पापुद्र्याबद्दल एकानेही काही विचारलं नाही.

पण त्यांना आईचं सांगितलं कोणी? अर्जात घरचा काही रकाना नव्हता. मी तडक सरांकडे गेले. माझे मार्गदर्शक, तुझे वर्गमित्र, आपल्या घरातलेच, म्हणून शिफारशीला मोठ्या विश्वासाने त्यांचं नाव दिलं होतं. ते लपवत नव्हते रे, कौतुकाने सांगत होते! "समितीने माझ्याकडे चौकशी केली, तेव्हा मी आधी तुझ्या दादाला विचारून घेतलं. तो म्हणाला, ती हौसेने अर्ज करते, पण आईला सोडून तिचा पाय निघायचा नाही. मग मी तसंच सांगितलं. उगाच मिळायची आणि तुझी पंचाईत व्हायची."

तळपायाची आग मस्तकात गेली.

माझ्या मनात काय आहे ते तुला विचारतात, तू खुशाल सांगतोस, आणि मी इथे आईच्या पायाला तेल चोळत बसलेली असते! मला एक फोन करायला काय झालं होतं? तुझी माझ्यावर माया आहे, मला ठाऊक आहे. ओढ्यात गुडघाभर उतरून पहिला शंख मला तूच काढून दिला होतास. म्हणून तर इतका राग आलाय. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

आणि स्पष्टच लिहिते. तुला काळजी माझी नव्हती, तुझी होती. मी गेले तर आई तुझ्याकडे येणार, हे तुझ्या डोक्यात होतं. ते तोंडाने म्हणायची लाज वाटली, म्हणून माझा पाय पुढे केलास.

माझं नाव राखीव यादीत टाकलं होतं. काल समितीचा फोन आला. निवडलेल्या मुलाने नकार दिलाय, तुम्ही खरंच येणार आहात का? मी हो म्हणाले.

आई पलंगावरून ऐकत होती. मग तिला सगळं सांगितलं, तुझंसुद्धा. ती मग म्हणाली, "मला कुठे राहायचंय ते मला विचारलं का कोणी?"

मी ओशाळले. मीही विचारलं नव्हतं. म्हटलं, "मग सांग, कुठे राहतेस?"

"त्याच्याकडे. बघू दे त्याला, माझा पाय निघतो का ते."

वहिनीशी बोलणं झालंय. "सकाळचं सगळं तुझा दादा करेल," हे तिचे शब्द, माझे नाहीत. रविवारी आईला घेऊन येते. तुमच्या न्हाणीघराच्या दारातून वॉकर जातो का ते आधी बघून ठेव. तिचे व्यायाम मी तुला एकदा करून दाखवीन. ती टाळाटाळ करते, तिच्या गोड बोलण्याला भुलू नकोस.

दारात तू काहीतरी विनोद करशील. मी हसणार नाही, आत्ताच सांगते.

स्वतःचं उत्तर यापुढे स्वतः देणारी,
तरीही तुझीच,
धाकटी