पहिली वेलांटी

प्रिय बाबा,

माझा अर्ज मंजूर झाला! एक नाही, तीन! आज फी भरली, परीक्षेचं हॉल तिकीट घेतलं आणि वाघोलीच्या माझ्या कॉलेजातून घरी येताना बसमध्ये उभ्या उभ्या ठरवलं, की ही बातमी तुम्हाला लेखीच कळवायची. तोंडी सांगितलेलं तुम्ही कधी ग्राह्य धरलंत?

इतकी वर्षं तुम्ही कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिपच्या खिडकीमागे बसलात. खाडाखोड असली की अर्ज परत, नावात एका अक्षराचा फरक असला की अर्ज परत. "घाई तुम्हाला आहे, कागदाला नाही," हे ऐकून किती मुलं रडवेली होऊन जिना उतरली असतील! बाहेरही तेच. मंडईत एका पाटीवरचं 'कोथींबीर' तुम्ही भाजीवालीच्याच खडूने दुरुस्त केलंत. त्यानंतर तिने आईला कधी एक काडी वर घातली नाही.

बाबा, एक विचारू? अकरावी-बारावीला मी तुमच्याच कॉलेजात होते. स्कॉलरशिप माझ्या हक्काची होती. मग अर्ज का करू दिला नाहीत? "माझ्या खिडकीवर माझ्याच मुलीचा अर्ज? लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणाले नसते हो. तेव्हा फार राग आला होता. थोडा अजून आहे.

मग मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. आई बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानात बिलं करायला लागली. तिच्या पगारात घर चालतं, कॉलेज नाही. यंदा ऑफिसातून स्पष्ट सांगितलं, फी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. काका म्हणाले, "एक वर्ष थांब, नोकरी बघ." चांगल्या मनाने म्हणाले, पण मला ठाऊक होतं, एकदा थांबले की थांबलेच.

त्याच आठवड्यात तुमच्या कपाटात ती हिरवी वही सापडली. शिष्यवृत्ती देणाऱ्या पुण्यातल्या लहानमोठ्या ट्रस्टची अख्खी यादी, आणि प्रत्येकापुढे तुमचा शेरा! 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.' 'इथे मुलाखत घेतात. रडू नये, त्यांना आवडत नाही.' आणि खालच्या ओळीत, 'इथे रडलेलं चालतं. तरी रडू नये.' हसू की रडू, कळेना. एका पानावर शाळा-कॉलेजच्या ऑफिसात काम करणाऱ्यांच्या मुलींसाठीची शिष्यवृत्ती होती. तिच्यापुढे पेन्सिलीने लिहिलेलं, 'शीतल. डिग्रीला गेल्यावर.' म्हणजे मनात होतं तुमच्या! मग बोलला का नाहीत कधी?

मी पाच अर्ज भरले आणि कॉलेजचा शिक्का घ्यायला ऑफिसात नेले. तिथले क्लार्क काका वाघोलीचेच. त्यांनी कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मान हलवली. "नाव जुळंना, पोरी. आधारवर एक हाय, धाव्वीच्या सर्टिफिकेटवर दुसरंच."

पाचही अर्ज परत. तुमच्या मुलीचे! एका वेलांटीवरून!

तडक शाळेत गेले. बाईंनी जुना प्रवेश अर्ज शोधून दिला. निळी शाई, तुमचं सुबक अक्षर, खाली तुमची सही. आणि नाव? 'शितल.' पहिली वेलांटी! सगळ्या पुण्याची वेलांटी दुरुस्त करणाऱ्या माणसाने पोटच्या मुलीचं नाव चुकवावं? घरी येऊन मी आईवर ओरडले. तुमचा राग, दुसऱ्या कुणावर काढणार?

आई हसत सुटली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. "अगं, शाळेत नाव घातलं त्या दिवशी तू त्यांचा हात सोडेनास. डाव्या हाताला तू लोंबकळतेयस, भोकाड पसरलंयस, आणि उजव्या हाताने ते फॉर्म भरतायत. मी म्हटलं, अहो, द्या इकडे, मी लिहिते. तर म्हणाले, माझ्या मुलीचा फॉर्म मीच भरणार. डोळे पुसत होते, चष्मा काढून."

बाबा, तुम्ही रडलात? फॉर्म भरताना?

सर्टिफिकेट बदलायला कित्येक महिने लागले असते. आधार बदलणं सोपं होतं. ते बदललं, बँकेतही बदललं. आता कागदोपत्री मी कायमची ऱ्हस्व आहे. क्लार्क काकांनी पाचही अर्जांवर शिक्का मारला आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी ते पोचवले.

तुमच्या पेन्सिलीच्या खुणेच्या ट्रस्टमध्ये मुलाखत झाली. टेबलापलीकडच्या आजींनी अर्ज नाकाशी धरला. "शितल? पहिली का बरं? आपल्याकडे दुसरी असते."

"वडिलांनी लिहिलंय," मी म्हटलं.

"काय करायचे वडील?"

"स्कॉलरशिपच्या खिडकीवर होते. चुकलेले अर्ज परत पाठवायचे."

आजी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी रडले नाही हं. वहीत लिहिलंय ना!

तर बाबा, आपण जिंकलो. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि मी बसणार आहे. 'एक वर्ष थांब' म्हणणाऱ्या काकांनीच पेढे आणले. आईने त्यांना तीनही मंजुरीपत्रं मोठ्याने वाचायला लावली, दोनदा.

आता माझा शब्द. तुमची वही कपाटात राहणार नाही. दर शनिवारी कॅन्टीनमध्ये ती घेऊन बसेन, ज्याला अर्ज भरायचा असेल त्याने यावं. चुकलेला अर्ज मीही परत देईन, त्यात सवलत नाही. पण कुठे चुकलं ते सांगेन, आणि शेजारी बसवून दुरुस्त करून घेतल्याशिवाय कुणाला जिना उतरू देणार नाही. एक चूक तेवढी मी कधीच दुरुस्त करणार नाही.

तुमची,
शितल
(पहिली वेलांटी. बरोबर आहे. खाडाखोड करू नये.)