दगडासारखा ब्रेक

८ जानेवारी, गुरुवार
आज वाचलो! जरीपटक्याच्या बाजारात संत्र्यांचा हातगाडा आडवा आला. ब्रेकवर पाय दिला तर पेडल दगड. खाली जाईच ना. दोन्ही पायांनी दाबलं तेव्हा कुठे गाडी थांबली, गाड्यापासून वीतभर अंतरावर. गाडेवाला ओरडला, "डोळे फुटले काय बे!"

घरी मायाला सांगितलं. ती नुसती बघत राहिली माझ्याकडे. बायको म्हणून निदान घाबरायचं तरी!

९ जानेवारी
सुट्टी टाकून ताराचंदच्या गॅरेजात गेलो. त्याने इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबायला लावला. "आता पाय दाबूनच ठेवा भाऊ, अन् चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे." नाही गेलं. मग बॉनेट उघडून कान लावला. मलाही ऐकवलं — सूंऽऽ असा आवाज. इंजिन ब्रेकमागच्या गोल डब्यातली हवा ओढतं आणि त्या जोरावर ब्रेक हलका लागतो, म्हणे. हवा ओढणारा पाइप फाटला होता.

पाइप नवा, हवा परत शिरू न देणारा त्याच्या तोंडाचा व्हॉल्व्हही नवा. परत तीच तपासणी. पेडल अलगद खाली गेलं.

जुना पाइप मी मागून घेतला. ताराचंद हसला. हसू दे. घरी आणून भिंगाखाली पाहिला. फाटलाय की कापलाय, सांगता येत नाही.

१२ जानेवारी, सोमवार
ड्युटी संपवून स्टाफ बसने मौद्याहून संध्याकाळी घरी आलो. गाडी काढायला बसलो. चालू करायच्या आधी सहज ब्रेक दाबला — पुन्हा दगड! चालू केल्यावर मऊ. हे काय? ताराचंदने जुनाच व्हॉल्व्ह पुसून लावला असणार.

१३ जानेवारी
ताराचंद भडकला. "माझ्यावर शक करून राहिले काय? गाडी आज इथंच राहू द्या. सकाळी या, तुमच्यासमोर दाबतो."

१४ जानेवारी
ड्युटीच्या आधी गेलो. बंद गाडीत त्याने माझाच पाय ठेवायला लावला. पहिल्यांदा मऊ. दुसऱ्यांदाही मऊ. मग हळूहळू कडक होत गेला. म्हणाला, "डब्यात दोन-तीन वेळा दाबण्याइतका जोर साठून राहते. तो कोणी संपवला तरच पहिल्याच खेपेले कडक लागते. बिमारी गाडीत नाही, भाऊ. तुमच्या घरी कोणीतरी बंद गाडीत बसून ब्रेक दाबून राहिलं."

कोणीतरी!

१५ जानेवारी
मनोहरराव. दुसरं कोण? समोरच्या घरातले, एसटीत ड्रायव्हर होते. माझी गाडी त्यांच्या फाटकासमोर येते म्हणून वर्षभर धुसफूस चालू आहे. माझ्या डाव्या दाराचं लॉक लागत नाही, हेही त्यांना ठाऊक. सरळ जाऊन विचारलं. लुंगी वर करून गुडघ्याचे टाके दाखवले त्यांनी. "मले खुर्चीतून उठता येत नाही, तुझ्या गाडीत काहून बसू गा?" त्यांची सून दारात तोंडाला पदर लावून हसत होती.

लाजलो. पण संशय गेला नाही.

१६ जानेवारी
आजही कडक. आणि सीट एक खाच पुढे सरकलेली. माझे गुडघे स्टिअरिंगला लागले.

१७ जानेवारी, शनिवार
सकाळी बस पकडायच्या आधी क्लच आणि ब्रेक, दोन्हींवर टाल्कम पावडर भुरभुरली. किलोमीटरचा आकडाही लिहून घेतला.

संध्याकाळी पावडर पुसलेली. आकडा तोच. म्हणजे गाडी जागची हललीच नाही.

दाराशी मायाची चप्पल उलटी पडली होती. तळ पांढरा.

१८ जानेवारी, रविवार
काही बोललो नाही. दिवसभर तिच्यावर नजर ठेवली. भाजी चिरताना गुणगुणत होती — काहून एवढी खूश? फोन आला की गच्चीवर जाते. "कोणाचा?" विचारलं तर म्हणाली, "अंजूचा." बहिणीशी बोलायला गच्ची लागते? बावीस वर्षांच्या संसारात कधी स्टिअरिंगला हात लावला नाही या बाईने. आता मी ड्युटीवर गेलो की बंद गाडीत जाऊन बसते. कोणासोबत? डावं दार तर उघडंच असतं.

जेवण गेलं नाही. "काय झालं?" म्हणाली. मी भिंतीकडे तोंड केलं.

१९ जानेवारी
तिला विचारायचा धीर झाला नाही.

२० जानेवारी, मंगळवार
विचारलं. पावडर, चप्पल, सीट, सगळं एका दमात. "कुठं जायचं आहे वं तुले? कोणाकडे?"

तिने गॅस बंद केला. म्हणाली, "गाडी शिकून राहिली. अंजू फोनवर सांगते, मी पायाले सवय लावते. तुम्ही चालवता चालवता हरवून जाता. डोळे उघडे राहतात, पण हाक मारली तर ओ नाही. महिन्यात तीनदा झालं. मागच्या वेळी मौद्याच्या रस्त्यावर स्टिअरिंग मी धरलं. सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यावरच शक केला असता."

मला यातलं काहीच आठवत नाही.