ओगराळ्याचा दांडा

३ मे २०१६, मदिनत सुलतान काबूस, मस्कत

पोरं एका सुरात कविता म्हणायची, तो आवाज आज पहाटेपासून कानात आहे. आत वर्गात पोरं, बाहेर व्हरांड्यात मी. आमच्या वस्तीतल्यांची जागा तिथेच. फळा दिसायचा नाही, म्हणून सगळ्या कविता कानांनी शिकलो. झरा बोलायचा, वारा रुसायचा. अजून पाठ आहेत!

आठवलं ते नातीमुळे. काल रश्मीने लॅपटॉपवर एक जपानी सिनेमा दाखवला. खालची इंग्रजी अक्षरं भराभर पळतात. ती थांबवून थांबवून मराठीत सांगते. "आजोबा, तो झाडाला... सॉरी म्हणतो. मग कापतो." खरंच, लाकूडतोड्या आधी हात जोडतो, मग कुऱ्हाड उचलतो. म्हातारी चूल विझवताना चुलीचे आभार मानते. प्रवचन कुणीच देत नाही. त्यांच्या शिंतो धर्मात झऱ्यात, दगडात, जुन्या झाडात कुणीतरी वस्तीला असतं म्हणे. मला तर आमचं शाळेचं पुस्तकच उघडल्यासारखं झालं.

६ मे

शुक्रवार, सगळे घरी. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात रश्मी या सिनेमावर बोलणार — मराठीत! तिने आपणहून म्हटलं तेव्हा ललिता, आमची सून, हातातलं लाटणं तसंच धरून बघत राहिली. शिकवायचं मी. 'कृतज्ञता' काही केल्या जिभेवर बसेना. म्हटलं, 'उपकार जाणणं' म्हण. ते जमलं.

८ मे

देवळाबाहेरचा प्रसंग पुन्हा पाहिला. दगडी कुंडी, तिच्यावर बांबूचं ओगराळं. येणारा पाणी घेतो, हात धुतो, चूळ भरतो. मग ओगराळं उभं धरतो आणि उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळू देतो. कशाला? तर मागून येणाऱ्याच्या हाती धुतलेला दांडा यावा! गावचा मुखिया तसं करतो, त्याच्यामागून कोळसेवालाही करतो. ओगराळं एकच.

मी उठून बाल्कनीत गेलो. उन्हाच्या झळा लागत होत्या, तरी बराच वेळ उभा राहिलो.

१३ मे

भगवान आला होता. मस्कतच्याच कडेला, सीबला राहतो, इंजिनिअर. कार्यक्रमाचं सगळं तोच बघतो. मनाचा सरळ माणूस. रश्मीचा विषय ऐकला, पण ती आत गेल्यावरच बोलला. आपण प्रतिज्ञा घेऊन देवदेवता सोडल्या, आता पौर्णिमेच्या मंचावर दगडाझाडांचे देव कशाला? मी कवितांचं सांगितलं — झरा बोलला म्हणून आम्ही काही त्याला देव्हाऱ्यात बसवला नाही. त्यावर हसला. मग म्हणाला, "काका, जिथे पाण्याने पवित्र व्हायचं असतं, तिथे कुणीतरी अपवित्र ठरलेला असतोच. हे तुम्हाला मी सांगायचं?"

हा विषय मंचावर नको, एवढं सांगून गेला.

रश्मी दाराआड होती. जेवताना माझ्याशी इंग्रजीत बोलली.

१४ मे

आजही इंग्रजीच. अनुप म्हणतो, "बाबा, सोडा आता. खलास." माझाच मुलगा, पण त्याला कसं सांगू? मी वर्षभर या घरात राहतोय. पोरगी माझ्याजवळ येऊन बसायला लागली ती या सिनेमापासून. आता ती पुन्हा मिटली तर?

१६ मे

एकट्याने सिनेमा लावला. भगवानचं खोटं नाही. मयताला जाऊन आलेल्या माणसाला म्हातारी उंबऱ्याबाहेरच थांबवते. अंगावर मीठ टाकल्यावर आत घेते. तो अंगणात जसा उभा राहतो, ते उभं राहणं माझ्या ओळखीचं. आधी मी नुसती झाडंच बघत होतो!

रश्मीला बोलावून दाखवलं. व्हरांड्याचंही सांगितलं. इतकी वर्षं तिला सांगितलं नव्हतं. तिने सिनेमा थांबवला. मग मराठीत, "म्हणजे फिल्म बॅड आहे?"

"नाही ग. दांडा धुणारी माणसं तीच, बाहेर थांबवणारीही तीच. दोन्ही सांग."

"पण मला बोलूच देत नाहीयेत ना."

भगवानला फोन केला, पोरगी दोन्ही बाजू मांडेल म्हटलं. "बघतो काका," म्हणाला. असल्या 'बघतो'चा अर्थ या वयात कळतो.

१९ मे

कार्यक्रमपत्रिका आली. रश्मीचं नाव नाही.

तरी सकाळी आरशासमोर भाषण म्हणत होती. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकत बसलो.

२० मे

संध्याकाळी बेल वाजली. दारात एक अनोळखी म्हातारी, पांढरं पातळ, जिना चढून दमलेली. जय भीम केला. भगवानची आई! गावाहून मुलाकडे आली आहे, मला पत्ताच नव्हता. अनुपने खुर्ची दिली तरी बसेना.

"पाण्याचं बोलनारी पोरगी कुठंय? आमच्या साहेबानं यादीतनं नाव काढलं तिचं. मी म्हनलं, मला आधी ऐकू दे, मग काढ. तर खाली गाडीत बसून ऱ्हायलाय. वर यायची लाज वाटती त्याला. आना त्याला कुनीतरी."

अनुप खाली धावला. रश्मी त्यांच्यासाठी थांबली नाही. म्हातारीसमोर उभी राहिली आणि सुरू केलं. मराठीत.