काठावरचा कॅमेरा

दि. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वर्षभरात तुझी एक ओळ नाही, म्हणून मीच लिहिते आहे. रागवायचं असेल तर पूर्ण वाचून मग रागव.

आमच्या कंपनीचा नवा रहस्यपट आपल्याच नदीवर होतो आहे. मी पडले संकलनाच्या खोलीतली मदतनीस, जागा निवडताना मला कोण विचारतो? गोष्ट अशी, की नदीत एक माणूस बुडतो, गुप्तहेर येतो आणि शेवटी नावाडीच गुन्हेगार निघतो. उतारू गटांगळ्या खात असताना तो शांतपणे वल्हवत निघून जातो, हा मुख्य प्रसंग. आमच्या नटाला नाव बांधलेली असतानाच मळमळतं, तो धारेत काय जाणार! दिग्दर्शकांनी गावात विचारलं, तर सगळ्यांनी आपलंच घर दाखवलं. पाठमोरा नावाडी म्हणून त्यांना बाबा हवे आहेत. मी नको नको म्हणत राहिले. बाबांनी गोष्ट ऐकून घेतली आणि हो म्हणून टाकलं. एकवीस वर्षांनी ते नावेत बसणार आहेत.

मला भीती वाटते, दादा. येशील का?

राग माझ्यावर काढ, माया मात्र होती तेवढी राहू दे.
तुझी,
धाकटी

दि. ९ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

येणार नाही. नटाचं वाचून हसू आलं, पुढचं वाचून ते विरलं.

तुमच्या सिनेमांतल्या नद्या फार आज्ञाधारक. प्रेत नेमकं गुप्तहेराच्या पायाशी येऊन लागतं आणि मुठीत खुन्याच्या कोटाचं बटण असतं. आपल्या नदीने मास्तरांना चार दिवसांनी परत दिलं, नऊ मैल खाली, आणि त्यांच्या मुठीत काही नव्हतं. म्हणून चौकशीत साक्षीला मी एकटाच उरलो.

तू तेव्हा सात वर्षांची होतीस. मी एकोणीसचा, काठावर उभा. नावेत बाबा आणि मास्तर, दोघंच. नाव कलली, मला गणित शिकवणारे मास्तर पाण्यात पडले आणि बाबांचं वल्हं एकदाही थांबलं नाही. माझ्याकडे पाठ करून ते वल्हवत राहिले. मी पाहिलं ते सांगितलं. त्यांचा नावेचा परवाना गेला, मी घर सोडलं. बाबांनी एका शब्दाने माझं म्हणणं खोडलं नाही, तेव्हा ती मला कबुलीच वाटली. आता तेच ते दुसऱ्याचा कोट घालून पुन्हा करणार आणि तू ते कापून, जोडून लोकांना दाखवणार.

तब्येतीची हेळसांड करू नकोस. पत्र पाठवत जा, पण या विषयावर नको.
तुझा,
दादा

दि. २७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

याच विषयावर लिहिते आहे.

काल चित्रण झालं. बुडणाऱ्याच्या जागी वाळू भरलेला पुतळा होता. तो पडला की वळूनसुद्धा बघायचं नाही, असं बाबांना बजावलं होतं. पहिल्या खेपेला त्यांनी त्याला धरलं. सगळे हसले. दुसऱ्या खेपेला पुन्हा धरलं. अशा सहा खेपा झाल्या. दर वेळी चुकलं म्हणायचे, आता नाही धरणार म्हणायचे, आणि पुतळा कलंडला की हात गेलाच. शेवटी हात ऐकत नाही हो म्हणाले आणि सगळ्यांसमोर रडले. मी बाबांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

आता नीट वाच. कॅमेरे दोन होते, एक नावेत, एक काठावर. आज मी दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी लावून पाहिली. नावेतल्या कॅमेऱ्यात बाबांचा डावा हात खांद्यापर्यंत पाण्यात आहे, पुतळ्याची कॉलर घट्ट धरून. उजव्या हाताने वल्हं चालू आहे, कारण धारेत ते थांबलं की नाव आडवी होते आणि बुडणाऱ्याच्याच डोक्यावर उलटते. काठावरच्या कॅमेऱ्यात यातलं काहीच नाही. एक पाठ दिसते आणि न थांबणारं वल्हं. दिग्दर्शक खूश आहेत, त्यांना हवं तेच मिळालं.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, मास्तरांनाही असंच धरलं होतं का. चहा ढवळता ढवळता म्हणाले, धरलं होतं, पण सदरा जुना होता, फाटला. मग चौकशीत गप्प का राहिलात, असं विचारलं, तर म्हणाले की पोराने दिसलं ते सांगितलं, चारचौघांत त्याला खोटं कसं पाडायचं?

मला आणखी लिहवत नाही. तुझ्या पत्राची वाट बघते.
तुझी,
धाकटी

दि. २ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न.

धाकटीने सगळं कळवलं. तुम्हाला लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. घरात घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी दारात उभा राहीन.

मी खोटं बोललो नाही, असं इतकी वर्षं स्वतःला बजावत आलो. पण चौकशीतला शेवटचा प्रश्न, वडिलांनी हात दिला का, असा होता. मी नाही म्हणालो. मला दिसलं नाही, एवढंच खरं तर मी म्हणू शकत होतो, बाबा. ते ‘नाही’ म्हणायच्या आधी मी अडखळलो होतो. तेव्हा समोरून तुम्हीच म्हणालात, घाबरू नकोस, सावकाश सांग.

तुमचा,
थोरला