वेताळाचा निरोप

२ एप्रिल १९४६
सांगलीहून कराड, पुढं बैलगाडी, आणि एकदाचा पोचलो! उत्सवाच्या लळिताची पदं रचायला मला बोलावलंय, मला! उतरलोय धुळाच्या घरी. तो वेताळाचं सोंग घेतो, पण माणूस इतका गरीब की कोंबडीलाही वाट देईल. त्याची बायको तानुबाई माझा ताकाचा तांब्या रिकामा होऊ देत नाही.

लळितात एकेक सोंग पदानं येतं, देवापुढं मागणं मागतं, पदानंच जातं. बोलावणं मी लिहायचं, निरोप गावचे जुने पदकर्ते म्हातारे अण्णा यांनी. निरोपाचा शेवट ठरलेला, 'जा'. अण्णांचा एकच हट्ट: निरोप तयार असल्याशिवाय बोलावणं मोठ्यानं वाचायचं नाही. म्हाताऱ्यांची तऱ्हा, दुसरं काय!

५ एप्रिल
अण्णा लेकीकडं आटपाडीला गेलेत. वेताळाचा निरोप तेवढा राहिलाय. माझं बोलावणं मात्र काय जमलंय! मागणं तर बघा: 'ज्याने मज बोलाविले, त्याची वाणी मज द्यावी.' राहवेना. दुपारी तालमीत वाचून टाकलं. लोक वाहवा म्हणाले. मुखवट्यातला धुळा मात्र माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

६ एप्रिल
मुखवटा काढला, तरी धुळा कालपासून उभाच. बसत नाही, जेवत नाही. तानुबाई म्हणाली, "आवं, ह्ये माजं मालक न्हाईत." मी हसण्यावारी नेलं. जेवताना मलाच 'मीठ' हा शब्द सुचेना. बोट दाखवून मागितलं.

८ एप्रिल
अण्णा आले. ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाले, "आता माझा निरोप चालायचा न्हाई. ज्यानं बोलावलं त्यानंच लिहायचा, न्हाईतर धुळा गेला." तानुबाईनं माझे पाय धरले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला धीर द्यायला तोंड उघडलं, तर नुसती हवा. आणि दारातून धुळा बोलला. माझ्या आवाजात.

९ एप्रिल
तीन ओळी झाल्या. मी लिहितो, तो म्हणतो, आणि शब्द माझ्यातून जातो. आईचं नाव गेलं. गावाखालून वाहतं त्याला काय म्हणतात— गेलं.

१० एप्रिल
घाई. शब्द थोडे. ती— धुळाची— नाव?— रडते. एक अक्षर उरलंय. अण्णा सांगतात. कानात येतं, हातात उतरत—

तो हसतो. माझं हसू.

भीती वाटते. लिहीन. धुळासाठी. आत्ता—

ज